चिल्टन डी.डब्ल्यू.१ : मोटारीच्या इंजिनावर ताशी १८० किलोमीटर

चिल्टन डी.डब्ल्यू.१ हे एका माणसाचं, उघड्या कॉकपिटचं लाकडी विमान. १९३७ ते १९३९ या काळात इंग्लंडमध्ये अशी चारच विमानं बनली आणि मग युद्ध आलं. पहिल्या तिघांच्या नाकात फोर्ड टेन या साध्या घरगुती मोटारीचं ११७२ सीसीचं इंजिन होतं. त्याची ताकद जेमतेम ३२ अश्वशक्ती. तरीही विमान सपाट उड्डाणात ताशी ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर गाठायचं. याच काळातलं टायगर मॉथ, जे भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्येही वर्षानुवर्षं शिकाऊ विमान म्हणून वापरात होतं, त्याला १०९ मैलांसाठी १३० अश्वशक्ती लागायची. टायगर मॉथमध्ये दोन माणसं बसतात हे खरं, पण चौपट ताकदीचा हिशोब तेवढ्याने लागत नाही. मग हे जमलं कसं?

विमान बनवणारे दोघे तरुण, अँड्र्यू डॅलरिंपल आणि ए. आर. वॉर्ड, डी हॅविलंड कंपनीच्या तांत्रिक शाळेत शिकलेले. नावातले डी आणि डब्ल्यू हे त्यांच्याच आडनावांचे. हंगरफर्डजवळच्या चिल्टन लॉज या वाड्याच्या आवारात त्यांनी कारखाना थाटला. पहिलं विमान, नोंदणी जी-एईएसझेड, एप्रिल १९३७ मध्ये विट्नीच्या मैदानावरून उडालं. चालवत होता त्याच शाळेतला रानाल्ड पोर्टियस, जो पुढे ऑस्टर कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक झाला. किंमत ठेवली होती ३१५ पौंड.

त्या वेळची हवा लक्षात घ्यायला हवी. फ्रान्सच्या आंरी मिन्येचं ‘पू दु सिएल’ हे घरी बांधायचं विमान १९३५ मध्ये इंग्लंडात वेड लावून गेलं होतं. पुढच्याच वर्षी त्याचे एकामागून एक जीवघेणे अपघात झाले. ते विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली घालून सूर मारू लागलं की नियंत्रणाची काठी पूर्ण मागे ओढूनही सावरत नाही, हे वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांत दिसून आलं. स्वस्त, छोटं विमान म्हणजे धोका, अशी लोकांची समजूत होऊन बसली. चिल्टनने मिन्येसारखा वेगळा मार्ग धरला नाही. नेहमीचा पंख, नेहमीची शेपूट, नेहमीची नियंत्रणं घेतली आणि सगळी अक्कल बारकाव्यांत ओतली. आमच्या मते या विमानाचं खरं मोठेपण तिथेच आहे.

वेगाची किंमत घनाने वाढते

सपाट उड्डाणात विमानाला हवेचा विरोध मागे ओढतो आणि प्रोपेलर तेवढाच रेटा पुढे देतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो. पण ताकद म्हणजे जोर गुणिले वेग, त्यामुळे ताकदीची गरज वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर आठपट अश्वशक्ती लागते. उलट बाजूने बघितलं, तर इंजिन दुप्पट ताकदीचं बसवूनही वेग फक्त सव्वापट होतो. छोट्या इंजिनाच्या विमानाला वेगवान करायचं असेल तर इंजिनामागे लागण्यात फारसा अर्थ नसतो. हवेचा विरोध कमी करणं हाच मार्ग उरतो.

चिल्टनचेच आकडे घेऊ. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ७.३२ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ७.१५ चौरस मीटर, पूर्ण वजन २९० किलो. ३२ अश्वशक्ती म्हणजे साधारण २४ किलोवॉट. प्रोपेलर त्यातला पाऊण भाग रेट्यात बदलतो असं धरलं तर हाती १८ किलोवॉट उरतात. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १८,००० भागिले ५०, रेटा ३६० न्यूटन. साध्या भाषेत, ३६-३७ किलो वजन उचलायला लागेल एवढा जोर. २९० किलोचं अख्खं विमान तेवढ्या ओढीवर १८० च्या वेगाने जातं.

या ३६० न्यूटनांपैकी साधारण ४० न्यूटन उचल निर्माण करण्याच्या बदल्यात मोजावे लागतात. पंख हवा खाली ढकलतो, त्याचा तो कर. तो वेग वाढला की कमी होतो. उरलेले ३२० न्यूटन हा निव्वळ हवा कापण्याचा विरोध, आणि तो ४२ सेंटिमीटर बाजूची एक सपाट चौकोनी फळी याच वेगाने वाऱ्यात आडवी धरली तर जितका होईल तितकाच आहे. पंख, धड, शेपूट, चाकं, वैमानिकाचं डोकं, रेडिएटर हे सगळं मिळून एवढी एक फळी.

फळी छोटी कशी झाली

पहिली गोष्ट, पंखाला बाहेरून आधार नाही. ना तारा, ना टेकू. पंखाची ताकद सगळी आतल्या लाकडी तुळईत. दोन पंखांच्या विमानात तारा, खांब आणि त्यांचे जोड यांचाच विरोध केवढा तरी असतो. गोल नळी हवेला किती नडते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. २५ मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची गोल नळी सेकंदाला ५० मीटर वेगाच्या हवेत ४० न्यूटनच्या वर विरोध करते. तेवढ्याच जाडीच्या नळीला माशाच्या आकाराचं आवरण घातलं की तो चार-पाच न्यूटनवर येतो. चिल्टनच्या एकूण ३६० न्यूटनांत ४० न्यूटनची भर म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटरचा तोटा. तोही एका मीटरभर नळीसाठी.

म्हणूनच चाकांचे पाय उघडे ठेवलेले नाहीत. पायापासून चाकापर्यंत सगळं एका निमुळत्या आवरणात झाकलेलं आहे. हे आवरण जुन्या विमानात हमखास त्रास देतं. चिखल आणि ओलं गवत आत साचतं, चाक घासतं, ब्रेक लावल्यासारखा परिणाम होतो आणि विमान जमिनीवर एका बाजूला खेचलं जातं. पावसाळी मैदानावरून आल्यावर आवरणाच्या आत हात घालून गोळा झालेला चिखल काढणं हे काम टाळून चालत नाही. उगाच वजन चढतं ते वेगळंच, आणि आतलं लाकूड ओलं राहतं.

दुसरी गोष्ट, पंख लहान. ७.१५ चौरस मीटरवर २९० किलो म्हणजे चौरस मीटरला ४० किलो. त्या काळच्या हौशी विमानांच्या मानाने हे बरंच जास्त. पंख लहान म्हणजे हवेत घासणारा पृष्ठभाग कमी. पण त्याची किंमत उतरताना मोजावी लागते, कारण लहान पंखाचं विमान जास्त वेगालाच स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते. ती भरपाई पंखाच्या मागच्या कडेखाली उघडणाऱ्या फ्लॅपने केली आहे. हा फ्लॅप म्हणजे पंखाच्या खालच्या बाजूची एक पट्टी बिजागरीवर खाली येते, वरची बाजू तशीच राहते. बनवायला सोपा, वजनाला हलका.

तिसरी गोष्ट रेडिएटर. पाण्याने थंड होणारं मोटारीचं इंजिन विमानात घ्यायचं म्हटलं की रेडिएटरचा विरोध गळ्यात पडतो. त्यातून हे साइड व्हॉल्व्ह इंजिन. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, आणि जळालेला वायू बाहेर नेणारी वाट सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच जाते. त्यामुळे पाण्याला मिळणारी उष्णता जास्त. ढोबळमानाने जेवढी ताकद शाफ्टवर येते, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. इथे हवा आत घेण्यापेक्षा तिला नीट बाहेर काढणं महत्त्वाचं असतं. बाहेर पडायची फट चुकीच्या जागी असली की हवा आत तुंबते, रेडिएटर तापतो आणि विरोधही वाढतो. दोन्हीकडून नुकसान.

तेच इंजिन, दोन विमानं

या फोर्ड इंजिनाचं विमानासाठी रूपांतर सर जॉन कार्डेन यांच्या कंपनीने केलं होतं. म्हणून त्याला कार्डेन-फोर्ड म्हणतात. कार्डेन हे मूळचे रणगाड्यांचे रचनाकार. डिसेंबर १९३५ मध्ये ते प्रवासी विमानाच्या अपघातात गेले. गंमत अशी की हेच इंजिन इंग्लंडमधल्या कित्येक ‘पू’ विमानांतही बसवलं होतं, आणि तिथे वेग चिल्टनच्या जवळपासही पोचत नव्हता. हवेचा विरोध हे त्याचं मोठं कारण. पण दुसरं एक कारण आहे, ते प्रोपेलरमध्ये दडलेलं.

मोटारीच्या इंजिनाला ताकद द्यायला मिनिटाला तीन हजारांच्या वर फेरे लागतात. गिअर न घालता प्रोपेलर सरळ क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसवला की प्रोपेलरही तेवढ्याच वेगाने फिरणार. मग तो लहानच ठेवावा लागतो, नाहीतर त्याची टोकं आवाजाच्या वेगाकडे सरकतात. उदाहरणादाखल १.३ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला ३३०० फेरे घेतोय असं धरा. टोकाचा वेग येतो सेकंदाला २२५ मीटर. इथवर ठीक. आता एका फेऱ्यात विमान किती पुढे सरकतं ते पाहा. सेकंदाला ५५ फेरे, वेग ५० मीटर. म्हणजे एका फेऱ्यात ९१ सेंटिमीटर. विमान सेकंदाला ३० मीटरनेच जात असेल तर एका फेऱ्यात ५५ सेंटिमीटर. लहान, वेगाने फिरणारा प्रोपेलर एका फेऱ्यात भरपूर पुढे सरकला तरच ताकद नीट वापरतो. मंद विमानात तोच प्रोपेलर हवा नुसती घुसळत राहतो आणि ताकदीचा मोठा वाटा वाया जातो.

मोटारीचं इंजिन सरळ जोडून वापरायचं तर विमान वेगवानच असायला हवं. चिल्टनमध्ये इंजिन आणि विमान एकमेकांना साजेसे होते.

याची दुसरी बाजू उड्डाणाच्या वेळी कळते. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन वेगवान उड्डाणासाठी पक्का केलेला असतो, तो बदलता येत नाही. उभ्या विमानात त्या कोनाला पाती जड पडतात, इंजिन पूर्ण फेरे घेऊ शकत नाही. ३३०० ऐवजी २६०० च्या आसपास अडकलं तर ३२ ऐवजी २५ च अश्वशक्ती हाती लागते. सुरुवातीचा रेटा आमच्या हिशोबाने पाच-सहाशे न्यूटनच्या घरात राहतो. कोरड्या, आखूड गवतावर चाकांचा विरोध वजनाच्या पाच टक्के धरला तर तो १४० न्यूटन. लांब, ओल्या गवतावर दहा टक्के, म्हणजे २८५. जवळजवळ अर्धा रेटा गवतच खातं. तेच विमान, तोच वैमानिक, आणि धाव दीडपटीच्याही पुढे जाते. पाऊस झाल्यावर छोट्या मैदानावरून निघण्याआधी गवताची उंची बघणं हे वाऱ्याची दिशा बघण्याइतकंच गरजेचं.

इंजिन कुठे दगा देतं

मोटारीत हे इंजिन बहुतेक वेळ पाव किंवा तिसऱ्या हिश्शाच्या ताकदीवर चालतं. विमानात ते उडताना पूर्ण आणि पुढे तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालतं. बिघाड होतात ते या फरकातून.

११७२ सीसीच्या फोर्डचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगवर फिरतो आणि बेअरिंगला व्हाइट मेटल या मिश्रधातूचा थर ओतलेला असतो. व्हाइट मेटल मऊ. तेल तापून पातळ झालं, दाब पडला, की तो थर भेगाळतो आणि निघतो. तेलाचं तापमान आणि दाब ही दोन घड्याळं म्हणूनच पाण्याच्या तापमानाहून आधी बघायची. गरम इंजिनावर तेलाचा दाब उड्डाणागणिक थोडा थोडा उतरत असेल तर घड्याळ बदलून बघण्यात वेळ घालवू नये. तेलाची गाळणी उघडावी. चंदेरी चुरा दिसला की काम संपलं, इंजिन उतरवायचं.

प्रोपेलर आणखी एक त्रास आणतो. विमानाने नाक झटक्यात वळवलं की फिरणारा प्रोपेलर क्रँकशाफ्टच्या टोकाला वाकवू बघतो. शिवाय प्रोपेलरचा रेटा क्रँकशाफ्टला पुढे ओढतो. मोटारीत क्लच दाबताना पडणारा क्षणिक जोर सोडला तर असा ताण नसतोच. रूपांतर करताना हा रेटा पेलणारं बेअरिंग वेगळं बसवावं लागतं आणि प्रोपेलरची चकती आणि क्रँकशाफ्ट यांच्यातला जोड सैल नाही ना, हे सतत पाहावं लागतं. प्रोपेलर हाताने धरून पुढे-मागे हलवला आणि टकटक जाणवली तर ते विमान त्या दिवशी उडवायचं नाही.

तिसरं ठिकाण हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण यांच्यामधली पातळ चकती. चढताना वेग कमी, ताकद पूर्ण, रेडिएटरला हवा कमी. पाण्याचं तापमान चढत जातं. उपाय साधा आहे. नाक खाली घ्या, वेग वाढू द्या, मग पुन्हा चढा. तसंच जमिनीवर इंजिन चालू ठेवून ताटकळणं टाळा. पाणी उकळल्यावर घाईने गार पाणी ओतलं की ब्लॉक तडकू शकतो.

लाकूड, सरस आणि पाणी

रिकाम्या चिल्टनचं वजन १८१ किलो. पूर्ण वजन २९०. मधल्या ११० किलोंत वैमानिक आणि पेट्रोल बसवायचं. कपड्यांसकट वैमानिक ८० किलोचा धरला तर ३० किलो, म्हणजे ४० लिटरच्या आसपास पेट्रोल उरतं. तासाला नऊ लिटर जळतं असं धरलं तर साडेचार तास, ताशी १६० किलोमीटरने सातशे किलोमीटर. एका लिटरला अठराच्या आसपास, म्हणजे छोट्या मोटारीसारखंच. यातले दहा किलो जरी रंग, दुरुस्त्या आणि जादा साहित्यात चढले तर एका तासाहून जास्त उड्डाण हातचं जातं. दर मोठ्या दुरुस्तीनंतर विमान खरोखर काट्यावर घालावं. जुन्या कागदावरचा आकडा पुढे ओढू नये.

एवढं हलकं विमान स्प्रूस या हलक्या लाकडातून आणि पातळ प्लायवुडमधून बनतं. विमानासाठी स्प्रूस निवडताना रेषे सरळ हवेत, पंधरा सेंटिमीटर लांबीत एक सेंटिमीटरहून जास्त तिरके नकोत. एका इंचात वाढीची निदान सहा वलयं हवीत. तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत गाठ शक्यतो चालत नाही, कारण वाकताना सगळा ताण तिथेच असतो.

पण लाकडापेक्षा मोठी काळजी सरसाची. १९३० च्या दशकात लाकडी विमानांत दुधातल्या केसीनचा सरस सर्रास वापरायचे. पूड पाण्यात कालवायची, थोडा वेळ मुरू द्यायची आणि काही तासांत वापरून संपवायची. कोरड्यात हा जोड उत्तम टिकतो. ओलीत मात्र तो मऊ होतो आणि त्याला बुरशी लागते, कारण शेवटी ते दुधातलं प्रथिन. कृत्रिम राळेचे सरस १९३७ च्या सुमारास नुकते येऊ लागले होते. लाकूड, सरस आणि हवामान यांचं नातं किती नाजूक असतं ते युद्धात भारतातच दिसलं. १९४४ च्या उत्तरार्धात इथे तैनात असलेल्या लाकडी मॉस्किटो विमानांच्या पंखांत जोड सुटलेले सापडले आणि उड्डाणं थांबवून तपासणी करावी लागली. तो सदोष जोडणीचा भाग किती आणि दमट उष्म्याचा किती, यावर तेव्हाही वाद झाला. ऐंशी-नव्वद वर्षं जुन्या विमानात मात्र एका गोष्टीबद्दल वाद नसतो. कारण काहीही असो, जोड तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तपासणीची सुरुवात पाणी कुठे साचतं तिथून करावी. पंखाच्या आणि शेपटीच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. रंगाच्या थरांवर थर चढले की ती बुजतात. आधी ती सगळी मोकळी करा. मग धडाचा सगळ्यात खालचा भाग, शेपटीखालच्या घसरपट्टीची जागा आणि कॉकपिटचा तळ बघा, कारण उघड्या कॉकपिटमधून आलेला पाऊस तिथेच जाऊन बसतो. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आठ ते बारा टक्के ठीक. वीसच्या वर आकडा आला तर कूज लागायची पूर्ण तयारी झालेली आहे.

त्यानंतर प्लायवुडवर नाण्याच्या कडेने किंवा छोट्या लाकडी हातोडीने ठोकत जा. चिकटलेल्या जागी आवाज खणखणीत आणि तोकडा येतो, सुटलेल्या जागी भसका. संशयाच्या रेषा पेन्सिलने आखून घ्या. लोखंडी पट्ट्या जिथे बोल्टने लाकडाला धरल्या आहेत तिथे काळपट-तपकिरी डाग दिसला तर समजा की लोखंड गंजलंय आणि गंजाने लाकडाचे रेषे खाल्लेत. बोल्ट काढून भोक गोल आहे की लांबट झालंय ते पाहा. भोक लांबट झालं असेल तर पंख उड्डाणात तिथे हलतोय.

शेवटी सुटलेल्या जोडाचा एखादा तुकडा मुद्दाम उचकटून पाहा. दोन्ही पृष्ठभागांना लाकडाचे फाटलेले रेषे चिकटून आले तर सरस लाकडाहून मजबूत होता, बाकीच्या जोडांबद्दल धीर धरता येईल. दोन्ही बाजू गुळगुळीत, वर पिवळसर पूड, हातावर घासल्यावर भुगा, असं असेल तर फक्त तो जोड दुरुस्त करून भागत नाही. त्याच दिवशी त्याच भांड्यातून लावलेले सगळे जोड संशयित.

दुरुस्तीत पातळ प्लायवुडचा तुकडा आडवा कापून बसवायचा नसतो. कडा तिरकी तासायची, जाडीच्या बारापट लांबीची. म्हणजे दीड मिलिमीटरच्या प्लायवुडला अठरा मिलिमीटरचा तिरका जोड. ताण एका रेषेवर न येता पसरतो. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करू नये. धारदार रंध्याने ताजा तासावा, म्हणजे रेष्यांची तोंडं उघडी राहतात आणि सरस आत शिरतो. जोड घट्ट दाबून धरायचा, पण इतकाही नाही की सगळा सरस बाहेर पिळून निघेल. जुन्या केसीनवर नवीन राळेचा सरस धरत नाही. जुना थर लाकडापर्यंत काढावाच लागतो, त्याला जवळची वाट नाही.

हातात घेतल्यावर

एकट्याचं विमान म्हणजे शेजारी शिक्षक बसत नाही. पहिलं उड्डाणच एकट्याने. त्यामुळे शेपटीवर टेकणाऱ्या दुसऱ्या एखाद्या हलक्या विमानावर हात पक्का झाल्याशिवाय याकडे वळू नये.

आकडेमोडीने पाहिलं तर पूर्ण वजनाला फ्लॅप बंद असताना स्टॉल ताशी ८० किलोमीटरच्या जवळ आणि फ्लॅप उघडे असताना ६५ ते ७० च्या दरम्यान येतो. उतरताना साधारण ९० धरावा. त्याहून दहा जास्त ठेवला तर हे विमान जमिनीजवळ तरंगतच राहतं. विरोध कमी असण्याचा हा तोटा आहे, इंजिन बंद केलं तरी ते लवकर मंदावत नाही. फ्लॅप उघडले की विरोध वाढतो, उतरण तीव्र होते आणि पुढचं दिसायलाही लागतं. मात्र अगदी खाली आल्यावर घाबरून फ्लॅप एकदम बंद करू नयेत. विमान जागच्या जागी खाली बसतं.

शेपटीला चाक नसून घसरपट्टी आहे. गवतावर ती ब्रेकचं काम करते, डांबरावर काहीच करत नाही. आडव्या वाऱ्यात डांबरी धावपट्टीवर हे विमान नेऊ नये, असं स्पष्टच सांगायला हवं.

युद्ध आणि त्यानंतर

चौथं विमान, जी-एएफएसव्ही, १९३९ मध्ये तयार झालं. त्यात फोर्डऐवजी ४४ अश्वशक्तीचं, उलटं बसवलेलं, हवेने थंड होणारं फ्रेंच ट्रें इंजिन होतं. म्हणून नाव डी.डब्ल्यू.१ए. घनाचा नियम लावून बघा. ४४ भागिले ३२ चं घनमूळ १.११. ११२ गुणिले १.११ म्हणजे १२४-१२५ मैल. रेडिएटर गेल्याचा फायदा त्यावर आणखी. ऑगस्ट १९३९ मध्ये पोर्टियसने याच विमानात फोकस्टनची शर्यत जिंकली, सरासरी वेग ताशी १२६ मैल. सिद्धांत आणि मैदान इतकं जुळलेलं क्वचित बघायला मिळतं.

महिन्याभरात युद्ध सुरू झालं आणि खासगी उड्डाणं बंद पडली. दोन माणसांचं डी.डब्ल्यू.२ अर्धवटच राहिलं. २५ डिसेंबर १९४५ रोजी डॅलरिंपल एका जर्मन फीझलर श्टॉर्ख विमानाच्या अपघातात मरण पावले. कंपनीने ऑलिंपिया हे ग्लायडरही बनवलं आणि ते काम पुढे न्यूबरीच्या इलियट्स या कंपनीकडे गेलं. डी.डब्ल्यू.१ पुन्हा बनलं नाही. जी-एएफएसव्हीने १९४७ मध्ये १०० किलोमीटरच्या बंद फेरीचा आपल्या वर्गातला विक्रम केला. चारही विमानं आज शिल्लक आहेत, आणि मूळ आराखड्यावरून काहींनी नवीही बांधली आहेत.

नवीन बांधणारे बहुधा वॉल्टर मिक्रॉनसारखं साठ-बासष्ट अश्वशक्तीचं इंजिन घेतात. जुनं फोर्ड रूपांतर मिळत नाही, मिळालं तरी सुटे भाग नाहीत, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण तो घेताना दोन हिशोब आधी करावेत. पहिला तोलाचा. नाकात, गुरुत्वमध्यापासून १.२ मीटर पुढे दहा किलो वाढले तर २९० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकतो. पंखाची सरासरी रुंदी ९८ सेंटिमीटर, म्हणजे हे चार टक्के झाले. गुरुत्वमध्याला पुढे-मागे मिळून साधारणपणे दहा-बारा टक्क्यांचीच मोकळीक असते. इंजिन मागे सरकवायचं की बॅटरी शेपटीकडे न्यायची हे बांधणी सुरू करण्याआधी ठरायला हवं, रंग लागल्यावर नव्हे.

दुसरा हिशोब थरथरीचा. दुप्पट ताकदीवर सपाट उड्डाणातच वेग सव्वापट, आणि हलका सूर मारला तर त्याहून बराच पुढे. एवढ्या वेगाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) यांच्या बिजागऱ्यांत ढील असेल किंवा कडेवर जादा रंग चढला असेल तर ते फडफडू लागतात, आणि फडफड सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत पंखाचा तुकडा जाऊ शकतो. म्हणून अशा विमानात प्रत्येक नियंत्रणफळी रंग लागल्यानंतर पुन्हा काढून बिजागरीवर तोलून बघतात, पुढच्या कडेला शिशाचं वजन घालून तोल दुरुस्त करतात, नियंत्रणाच्या दोऱ्यांचा ताण यंत्राने मोजतात आणि कमाल वेगाची खूण घड्याळावर लाल रंगात नव्याने आखतात.